नावावरची बाकी

लक्ष्मीपूजनाच्या संध्याकाळी पेढीवर नवी वही मांडली जाते. पहिल्या पानावर कुंकवाचे स्वस्तिक काढले जाते, शुभ-लाभ लिहिले जाते आणि घरातील ज्येष्ठ व्यक्तीच्या हातून नव्या वर्षाची पहिली नोंद होते. सारा हिशेब संगणकावर गेलेल्या दुकानांतूनही ही वही सुटलेली नाही. जुन्या वहीतील येणे-देणे पुढे ओढण्यापूर्वी प्रत्येक खाते एकदा उघडून पाहायचे, हा त्या पूजेमागील व्यवहार आहे. मात्र याच घरांतील प्रत्येक कर्त्या माणसाच्या नावाची आणखी एक वही दुसरीकडे लिहिली जात असते. ती त्याच्या हस्ताक्षरात नसते, तिच्यातील नोंदी त्याला विचारून होत नाहीत, आणि बहुतेकांनी ती एकदाही उघडून पाहिलेली नसते. त्या वहीचे नाव पतमाहिती अहवाल.

भारतात असे अहवाल तयार करणाऱ्या चार कंपन्या आहेत : ट्रान्सयुनियन सिबिल, एक्सपीरियन, इक्विफॅक्स आणि सीआरआयएफ हाय मार्क. यांपैकी सिबिलची स्थापना २००० साली झाली. तीच आधी परिचयाची झाल्यामुळे बाजारात ‘सिबिल’ हा शब्द साऱ्यांसाठीच रूढ झाला. पतमाहिती कंपन्यांच्या नियमनासाठी २००५ साली झालेल्या कायद्याखाली आणि रिझर्व्ह बँकेच्या देखरेखीखाली त्यांचे काम चालते. बँका, नागरी सहकारी बँका आणि वित्त कंपन्या आपल्या कर्जदारांची माहिती त्यांना कळवतात. १ जानेवारी २०२५ पासून ही माहिती किमान पंधरवड्यातून एकदा कळवणे बंधनकारक करण्यात आले. त्या माहितीवरून ३०० ते ९०० यांच्या दरम्यान एक आकडा काढला जातो. साधारणपणे ७५० च्या पुढील आकडा बँका चांगला समजतात.

हा आकडा खाली गेला की घरात दोन प्रकारची प्रतिक्रिया होते. काही जण लाजेने तो विषयच बंद करतात. काही जण आकडा वाढवून देणारा माणूस शोधू लागतात. दोन्ही मार्ग व्यापाऱ्याला न शोभणारे आहेत. खातेउताऱ्यात आणि आपल्या खतावणीत फरक निघाला, तर व्यापारी लाजत नाही आणि मध्यस्थही नेमत नाही. तो दोन्ही कागद समोर ठेवून ओळीला ओळ ताडून पाहतो. बिघडलेली पत सावरण्याचे काम नेमके हेच आहे.

पुढे वर्णन केलेले कुटुंब कोणा एकाचे नाही. अनेक पेढ्यांवर सुटी-सुटी आढळणारी परिस्थिती एका घरात एकत्र मांडली, तर काय दिसेल, हे समजण्यासाठी योजलेले ते उदाहरण आहे.

एक नामंजूर अर्ज

तालुक्याच्या गावी कापडाची पेढी. दोघे भाऊ भागीदार, व्यवसायातील तिसरी पिढी. थोरले गादीवर बसत. खरेदी, बँक आणि पाहुणेरावळे त्यांच्याकडे. धाकटे माल, गिऱ्हाईक आणि उधारीची वसुली पाहत. कोणत्या कागदावर सही करायची हे थोरल्यांनी सांगावे आणि धाकट्यांनी करावी, अशी पंचवीस वर्षांची रीत. त्या रीतीत अविश्वासाला जागा नव्हती, तशी विचारण्यालाही नव्हती.

धाकट्यांच्या मुलीला पुण्यात व्यवस्थापनाच्या पदव्युत्तर अभ्यासक्रमाला प्रवेश मिळाला. दोन वर्षांचे शुल्क आठ लाख रुपयांच्या घरात होते. शैक्षणिक कर्जासाठी वडील सहकर्जदार म्हणून बँकेत गेले. आठवड्याभराने उत्तर आले : वडिलांचा आकडा ५८८, अर्ज नामंजूर.

धाकट्यांना याचा अर्थ लागेना. त्यांनी स्वतःसाठी आयुष्यात कर्ज काढले नव्हते. पेढीची कॅश क्रेडिट मर्यादा नियमित होती. बाजारात त्यांच्या शब्दावर लाखांचा माल उचलला जात होता. त्या रात्री ते जेवले नाहीत. दुसऱ्या दिवशी एका ओळखीच्या माणसाने पंधरा हजार रुपयांत तीन आठवड्यांत आकडा ‘साफ’ करून देणारा दलाल गाठून दिला. त्या दलालाने कागदपत्रे घेऊन आधी पाच वित्त कंपन्यांकडे अर्ज टाकले. पाचही ठिकाणी नकार आला आणि अहवालात पाच नव्या चौकश्यांची भर पडली. स्वतःचा अहवाल स्वतः मागवल्याने आकडा कमी होत नाही. परंतु कर्जासाठी थोड्या अवधीत अनेक ठिकाणी अर्ज गेले, की त्यांच्या नोंदी पुढच्या बँकेला दिसतात आणि हा माणूस पैशासाठी दारोदार फिरतो आहे, असा अर्थ निघतो.

थोरल्यांची सून वाणिज्य पदवीधर. पेढीची जीएसटीची विवरणपत्रे तीच भरत असे. पोर्टलवर दिसणारी खरेदीची बिले आणि दुकानातील बिले यांचा मेळ घालणे हे तिचे दर महिन्याचे काम. तिने दलालाकडचे कागद परत मागवले आणि चुलत सासऱ्यांना एवढेच सांगितले, “काकाजी, आकड्याकडे नंतर पाहू. आधी कोणत्या ओळींमुळे तो झाला, त्या ओळी पाहू.”

अहवाल वाचताना

रिझर्व्ह बँकेच्या आदेशानुसार प्रत्येक पतमाहिती कंपनीने प्रत्येक व्यक्तीला वर्षातून एकदा आपला संपूर्ण अहवाल विनामूल्य द्यावा लागतो. चारही कंपन्यांच्या अधिकृत संकेतस्थळांवरून तो मिळतो. सुनेने चारही मागवले, कारण एकीकडे असलेली नोंद दुसरीकडे असेलच असे नाही, आणि कर्ज देणारी बँक कोणता अहवाल पाहील हे सांगता येत नाही.

अहवालाची पहिली पाने नाव, जन्मतारीख, पॅन, पत्ते आणि दूरध्वनी यांची असतात. लोक ती घाईने उलटतात. परंतु अनेक चुकांचे मूळ तेथेच सापडते. त्यापुढे प्रत्येक कर्जाचे स्वतंत्र खाते येते : कर्ज देणारी संस्था, कर्जाचा प्रकार, रक्कम, आजची बाकी, थकबाकी आणि त्या खात्याशी आपले नाते. हे नाते चार प्रकारचे असू शकते : एकटा कर्जदार, संयुक्त कर्जदार, अधिकृत वापरकर्ता किंवा जामीनदार. खाली महिन्यावार चौकोन असतात. त्यांत ‘०००’ म्हणजे हप्ता वेळेवर. ‘०३०’ म्हणजे तीस दिवस उशीर. शेवटी चौकश्यांची यादी असते.

सुनेने एक लांब कागद आखला. त्यावर सात रकाने केले : संस्था व खाते क्रमांक, कर्ज प्रत्यक्षात कोणासाठी, नावाचे नाते, अहवाल काय म्हणतो, आपला कागद काय म्हणतो, पुरावा कोठे आहे, आणि पुढचे पाऊल कोणत्या तारखेला. तो कागद भरून झाला तेव्हा धाकट्यांच्या नावावर चार वादग्रस्त खाती निघाली. चारही एकाच कारणाने बिघडलेली नव्हती. एक नोंद चुकीची होती, दोन नोंदी अर्धवट राहिल्या होत्या आणि एक पूर्णपणे खरी होती.

पत सावरण्याच्या कामातील कळीचा भाग ही विभागणीच आहे. चुकीच्या नोंदीसाठी पैसे भरणे हा मूर्खपणा, अर्धवट नोंदीविरुद्ध तक्रार करत बसणे हा कालापव्यय, आणि खरी नोंद खोटी म्हणून झटकणे हा स्वतःलाच फसवण्याचा प्रकार. प्रत्येक ढिगाचा उपाय वेगळा आहे.

चुकीची नोंद

पहिले खाते एका वित्त कंपनीच्या अठरा हजार रुपयांच्या वस्तूखरेदी कर्जाचे होते. ते धाकट्यांनी कधी घेतलेच नव्हते. पत्ता त्याच गावचा, पण गल्ली वेगळी, जन्मतारीखही वेगळी. एकाच नावाचे आणि आडनावाचे दोन-तीन गृहस्थ एका गावात असणे आपल्या समाजात नवीन नाही. त्यांपैकी कोणाची तरी नोंद यांच्या खात्यात शिरली होती.

अशा वेळी पतमाहिती कंपनीकडे तक्रार नोंदवायची असते. ती ऑनलाइन नोंदवता येते आणि तिचा क्रमांक मिळतो. कंपनी स्वतःहून कोणतीही नोंद खोडू शकत नाही. कर्ज देणाऱ्या संस्थेकडून खातरजमा झाल्यावरच दुरुस्ती होते. म्हणून त्याच दिवशी त्या संस्थेलाही पॅन व जन्मदाखल्याच्या प्रतींसह पत्र द्यावे आणि पोच घ्यावी. संपूर्ण प्रक्रियेला तीस दिवसांची मुदत आहे. त्यांपैकी कर्ज देणाऱ्या संस्थेने एकवीस दिवसांत आपले काम पूर्ण करावयाचे असते. तीस दिवसांत तक्रारीचा निकाल लागला नाही, तर पुढील प्रत्येक दिवसासाठी शंभर रुपये भरपाई देण्याचा नियम रिझर्व्ह बँकेने ऑक्टोबर २०२३ मध्ये काढला आणि तो एप्रिल २०२४ पासून लागू आहे. दुरुस्ती नाकारली, तर कारण कळवावे लागते. समाधान झाले नाही, तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे विनामूल्य दाद मागता येते. १ सप्टेंबर २०२२ पासून पतमाहिती कंपन्याही त्या योजनेच्या कक्षेत आल्या आहेत.

हे सारे नियम तक्रारीची तारीख सिद्ध करता आली तरच उपयोगी पडतात. दूरध्वनीवर दहा वेळा बोलण्यापेक्षा पोच घेतलेले एक पत्र अधिक मोलाचे असते. या घराची पहिली नोंद सव्वीस दिवसांत निघून गेली.

अर्धवट नोंदी

दुसरे खाते टेंपोच्या कर्जाचे होते. २०१७ मध्ये पेढीसाठी टेंपो घेतला, पण प्राप्तिकराच्या सोयीसाठी कर्ज धाकट्यांच्या नावावर काढले. हप्ते पेढीतून जात. शेवटचा हप्ता २०२२ मध्ये भरला गेला आणि थोरल्यांच्या लेखी ते खाते संपले. प्रत्यक्षात एक धनादेश न वटल्याबद्दलचे शुल्क आणि त्यावरील कर मिळून १,१८० रुपये बाकी राहिले होते. साडेसहा लाखांचे कर्ज फिटले, पण अकराशे ऐंशी रुपयांसाठी खाते उघडे राहिले आणि दर महिन्याला धाकट्यांच्या नावापुढे थकबाकीचे दिवस वाढत गेले.

असे अनुभव दुर्मिळ नाहीत. शेवटचा हप्ता म्हणजे कर्जाचा शेवट नव्हे; बेबाकी दाखला हातात पडणे हा कर्जाचा शेवट. वाहनाच्या बाबतीत त्यापुढे आणखी एक पायरी असते : नमुना क्रमांक ३५ आणि वित्त संस्थेचे ना-हरकत पत्र परिवहन कार्यालयात देऊन नोंदणीपत्रावरील बोजा उतरवणे. स्थावर तारण असेल, तर मूळ दस्तऐवज परत घेणे आणि अभिलेखावरील बोजा कमी करणे. संपूर्ण फेडीनंतर तीस दिवसांत मूळ दस्तऐवज परत न दिल्यास दिवसाला पाच हजार रुपये भरपाईचा नियम १ डिसेंबर २०२३ पासून व्यक्तिगत कर्जदारांसाठी अमलात आहे.

तिसरे खाते क्रेडिट कार्डाचे. टाळेबंदीच्या काळात, १ मार्च ते ३१ ऑगस्ट २०२० या सहा महिन्यांत हप्ते लांबणीवर टाकण्याची मुभा मिळाली होती. व्याज मात्र चालूच होते. पुढे कार्डाची बाकी ८६,४०० रुपयांवर गेली. वसुली प्रतिनिधीने ४८,००० रुपयांत तडजोड करून दिली. ३८,४०० रुपये वाचले, याचे त्या वेळी घरात समाधान होते. अहवालात त्या खात्यापुढे ‘सेटल्ड’ असा शेरा बसला. त्याचा अर्थ मिटले असा नाही. सावकाराने आपल्या येण्यातील काही भाग सोडून दिला, असा आहे. पूर्ण फेडीचा शेरा ‘क्लोज्ड’ असतो. व्यापाऱ्याला हा फरक समजावून सांगावा लागू नये. रुपयातले पंचावन्न पैसे घेऊन ज्याचे खाते बंद केले, त्याला आपण पुन्हा उधारीवर माल देताना विचार करतोच.

यावर उपाय आहे, पण त्याचा क्रम महत्त्वाचा. आधी बँकेला पत्र लिहून उर्वरित रक्कम भरल्यास शेरा बदलून मिळेल का, हे लेखी विचारावे. लेखी होकार आल्यावरच बँकेच्या खात्यात थेट भरणा करावा. नंतर बेबाकी दाखला घ्यावा आणि पुढील अहवालात शेरा बदलला की नाही, ते तपासावे. प्रतिनिधीच्या हातात रोख रक्कम देऊ नये. शेरा बदलला तरी पूर्वी झालेला उशीर त्या काळाच्या चौकोनांत दिसत राहील, याचीही मनाशी तयारी असावी.

खरी नोंद

चौथे खाते वाचल्यावर सून काही वेळ बोलली नाही. एका नागरी सहकारी बँकेचे बारा लाखांचे व्यवसाय कर्ज. कर्जदार थोरल्यांचे मेहुणे, म्हणजे तिच्या सासूचे भाऊ. जामीनदार म्हणून धाकट्यांची सही. खाते अनुत्पादित; थकलेले हप्ते व व्याज मिळून २,७४,००० रुपये.

धाकट्यांना २०१९ मधील ती सही आठवत होती. थोरल्यांनी सांगितले, गादीवर बसूनच त्यांनी ती केली होती. पुढे काय झाले, ते त्यांना ठाऊक नव्हते. बँकेने जामीनदाराला पत्रे पाठवली असणारच, असे सून म्हणाली. तेव्हा थोरले उठले, गादीशेजारच्या मेजाचा खालचा खण उघडला आणि तीन लिफाफे काढून समोर ठेवले. तिन्हींवर धाकट्या भावाचे नाव होते. दोन फोडलेले होते, तिसरा तसाच होता. “मेहुण्यांचे हप्ते सुरू होतील असे वाटत होते. तुला उगाच काळजी नको म्हणून ठेवली,” असे त्यांनी सांगितले. धाकटे काही बोलले नाहीत. त्यांनी तिसरा लिफाफा फोडला, वाचला आणि सुनेच्या हातात दिला.

आपल्या घरांत नाव सामाईक समजले जाते. कर्ज पेढीचे असो, मेव्हण्याचे असो, घरातील ज्याची कागदपत्रे सोयीची, त्याच्या नावावर ते काढले जाते. एकत्र कुटुंबाची ती ताकद आहे. परंतु पतमाहितीच्या वहीत कुटुंब नावाचे खाते नसते. तेथे प्रत्येक पॅन वेगळा. भावाने भावासाठी घेतलेला निर्णय ज्याच्या पॅनवर उतरतो, त्याची मुलगी दहा वर्षांनी महाविद्यालयाच्या दारात थांबते. म्हणून दुसऱ्याचे नाव वापरणे म्हणजे त्याच्या तिजोरीत हात घालण्यासारखेच आहे. विचारून घातला तर मदत, न सांगता घातला तर उचल.

जामीनाविषयीचा एक गैरसमजही येथे दूर व्हायला हवा. ‘मी फक्त साक्षीला सही केली’ हे वाक्य बँकेत चालत नाही. १८७२ च्या भारतीय करार कायद्याच्या कलम १२८ प्रमाणे, करारात वेगळे ठरले नसेल तर, जामीनदाराची जबाबदारी मूळ कर्जदाराइतकीच असते. आधी कर्जदाराकडून वसूल करा, मग माझ्याकडे या, असे त्याला सहसा म्हणता येत नाही. दुसऱ्या बाजूने, जामीनदाराने देणे फेडले, तर ते कर्जदाराकडून वसूल करण्याचा हक्क त्याच कायद्याने त्याला दिला आहे. त्यासाठी भरणा स्वतःच्या खात्यातून झालेला असावा आणि पावतीवर जामीनदार म्हणून उल्लेख असावा.

या नोंदीवर तक्रार करण्याजोगे काही नव्हते. ती खरी होती. तिचा उपाय एकच : थकबाकी भरणे. त्यातही अर्धवट भरणा उपयोगाचा नव्हता, कारण अनुत्पादित झालेले खाते थकलेले मुद्दल व व्याज पूर्ण भरल्याशिवाय पुन्हा नियमित ठरत नाही. मेहुण्यांना बोलावून घेतले गेले. बैठक सोपी झाली नाही. मेहुण्यांचा धंदा खरोखरच बसला होता आणि ते खाली मान घालून होते. अखेरीस त्यांनी १,२४,००० रुपये उभे केले. उरलेले १,५०,००० थोरल्यांनी आपली मुदत ठेव मोडून दिले. पेढीतून नव्हे आणि भावाच्या वाट्यातूनही नव्हे. ही रक्कम मेहुण्यांना दिलेली उसनवार म्हणून साध्या कागदावर लिहून, दोन सह्यांनिशी, बँकेमार्फत देण्यात आली. नात्यात कागद कशाला, असे सासूबाईंना वाटले. पण कागद नव्हता म्हणूनच हा प्रसंग ओढवला होता, हे त्यांनाही समजले. भरण्याच्या दिवशीची नेमकी रक्कम बँकेकडून आधी लेखी घेतली होती, त्यामुळे पुन्हा किरकोळ बाकी राहिली नाही.

हाती पैसा थोडा असताना

या काळात मुलीच्या शुल्काचा पहिला हप्ता दारात उभा होता. थोरल्यांनी तो कॅश क्रेडिटमधून उचलण्याचे सुचवले. सुनेने ते नाकारले, आणि ते योग्यच होते. खेळत्या भांडवलासाठी दिलेली रक्कम अन्य कामाला वळवली, की पेढीचे खाते अडचणीत येते. कॅश क्रेडिटमधील बाकी मर्यादेच्या किंवा उचल क्षमतेच्या वर सलग नव्वद दिवस राहिली, किंवा त्या काळात जमा झालेली रक्कम व्याजालाही पुरली नाही, तर ते खाते अनुत्पादित ठरू शकते. शिवाय एका बँकेतील एक खाते अनुत्पादित झाले, की त्याच कर्जदाराची तेथील बाकी खातीही त्याच वर्गात जातात. जुने भोक बुजवताना नवे पाडणे यालाच म्हणतात.

म्हणून पैसे अपुरे असताना क्रम असा असावा : प्रथम आज नियमित असलेली सर्व खाती काहीही करून नियमित ठेवावीत, दुसऱ्या क्रमाने सध्या थकीत असलेली खाती पूर्ण भरावीत, तिसऱ्या क्रमाने जुन्या तडजोडीतील फरक फेडावा. ताज्या उशिराचे वजन जुन्या उशिरापेक्षा अधिक असते.

शुल्काचा पहिला हप्ता मुलीच्या आईने स्वतःच्या पाटल्यांवर, स्वतःच्या नावाने सुवर्णतारण कर्ज काढून भरला आणि दहा महिन्यांत तो वेळेवर फेडला. तोवर त्या माउलीच्या नावावर कोणताही पतइतिहास नव्हता. आता तो आहे, आणि निष्कलंक आहे.

जे विकत मिळत नाही

चुकीची नोंद आणि दोन्ही अर्धवट नोंदी दिवाळीपूर्वी मार्गी लागल्या. जामीनाचे खाते मार्गशीर्षात नियमित झाले. त्यानंतर तीन महिन्यांनी आकडा ६६१ झाला. पुढील जुलैमध्ये तो ७१८ होता. ७५० अद्याप दूर होते. तरीही दुसऱ्या वर्षाच्या शुल्कासाठी मुलीचे कर्ज मंजूर झाले, कारण या वेळी अर्जासोबत प्रत्येक जुन्या नोंदीचा एक पानी खुलासा, बेबाकी दाखले आणि पावत्या क्रमवार लावलेल्या होत्या. व्याजदर मात्र अर्ध्या टक्क्याने अधिक लागला. मागील वर्षांची ती किंमत होती आणि घराने ती निमूटपणे मान्य केली.

दुसऱ्या घराचा आकडा याच गतीने वाढेल, असे नाही. आकडा काढण्याचे नेमके सूत्र कंपन्या उघड करत नाहीत. मात्र त्यामागील गोष्टी ठाऊक आहेत : हप्ते वेळेवर जातात का, मंजूर मर्यादेच्या किती भाग सतत वापरात असतो, खाती किती जुनी आहेत, तारणी व बिनतारणी कर्जांचे प्रमाण काय, आणि नव्या चौकश्या किती. यांपैकी पहिलीचा भार सर्वांत मोठा, आणि तिला काळाशिवाय पर्याय नाही. पतमाहिती कंपन्यांनी नोंदी किमान सात वर्षे जपावयाच्या असतात. खरी नोंद पैसे घेऊन पुसून देण्याचे आश्वासन जो देतो, तो एक तर खोटे बोलतो किंवा खोटी कागदपत्रे करणार असतो. त्याच्या हाती पॅन, आधार आणि मोबाइलवर येणारा ओटीपी देणे म्हणजे दुकानाची किल्ली देणे होय.

घराची पतवही

त्या घरात आता एक फाइल आहे. प्रत्येक सज्ञान व्यक्तीसाठी एक भाग, बायकांसाठीही. प्रत्येक भागात त्या वर्षीचे अहवाल, नावावरील कर्जांची यादी, दिलेल्या जामिनांची यादी आणि संपलेल्या कर्जांचे बेबाकी दाखले. पेढीचा व्यावसायिक अहवाल स्वतंत्र. त्यात व्यक्तीप्रमाणे तीन अंकी आकडा नसतो, सिबिल एक ते दहा अशी श्रेणी देते आणि एक ही सर्वांत उत्तम. मर्यादेचे नूतनीकरण करताना बँक पेढीबरोबर भागीदारांचे व्यक्तिगत अहवालही पाहते, म्हणून दोन्ही एकाच फाइलमध्ये.

चारही कंपन्यांचे विनामूल्य अहवाल एकदम न मागवता दर तीन महिन्यांनी एकाचा, असे चक्र लावले आहे. त्यामुळे वर्षभर लक्ष राहते आणि खर्च काहीच होत नाही. सर्व कर्जांना सध्या वापरात असलेला मोबाइल क्रमांक जोडला आहे, कारण कोणी अहवाल पाहिला किंवा थकबाकी कळवली गेली, तर त्याची सूचना त्याच क्रमांकावर येते. हप्त्यांच्या खात्यात देय तारखेच्या तीन दिवस आधी रक्कम ठेवली जाते. आणि एक नियम थोरल्यांनी स्वतः घातला : ज्याच्या नावावर कर्ज किंवा जामीन, त्याने कागद पूर्ण वाचल्याशिवाय सही करायची नाही, आणि ज्याच्या नावाचे पत्र, ते त्यानेच फोडायचे.

या वर्षी लक्ष्मीपूजनाला नव्या वहीशेजारी ती फाइल ठेवली गेली. पूजा झाल्यावर थोरल्यांनी धाकट्यांच्या नावाचा भाग उघडला, जामिनाच्या यादीतील शेवटची ओळ बोटाने दाखवली आणि मेहुण्यांचा हप्ताही वेळेवर जमा झाल्याची पावती तेथे लावली. धाकट्यांनी ती वाचली आणि दिव्याची वात पुढे सरकवून पान उलटले.